सीईटी हवीच, पण जेईईची धाकटी बहीण म्हणून नको

निकालाचे दिवस आले की महाराष्ट्रात एक जुना वाद नव्याने पेटतो. 'एवढ्या परीक्षा हव्यात कशाला? इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी देशभर जेईई ही परीक्षा आहे ना, मग राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, बंद करून टाका,' असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू लगेच 'आमच्या मुलांवर अन्याय', 'दिल्लीचं आक्रमण' असले शब्द बाहेर काढते. 2025च्या एप्रिलमध्ये सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या 50पैकी 21 प्रश्नांत चुका निघाल्या आणि सुमारे 27 हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घ्यावी लागली, तेव्हा पहिल्या बाजूच्या हाती आयतं कोलीत मिळालं. वादाचा सगळा सूर मात्र तोच राहिला: कोणती परीक्षा कठीण, कोणती सोपी, कोणती 'दर्जेदार' आणि कोणती 'आपली'. परीक्षा कशासाठी घ्यायची असते, हा प्रश्न दोन्हीकडून कुणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या जागांसाठी राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा राहिली पाहिजे. पण आजच्या स्वरूपातल्या सीईटीची वकिली मला जमणार नाही. आजची सीईटी म्हणजे जेईईचीच थोडी कमी अवघड, जास्त घाईची आवृत्ती झाली आहे, आणि 'मग दोन कशाला?' हा प्रश्न तिने स्वतःच ओढवून घेतला आहे. तिला टिकायचं असेल तर तिने वेगळं काहीतरी मोजलं पाहिजे. ते 'वेगळं काहीतरी' आपल्याच ज्युनिअर कॉलेजच्या वर्गात आणि प्रयोगशाळेत पडून आहे.

या प्रश्नावर आपण किती वेळा कोलांट्या मारल्या ते आधी पाहू. एके काळी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत. मग सीईटी आली. 2014 आणि 2015 या दोन वर्षांत इंजिनीअरिंगसाठी सीईटी बाजूला ठेवून जेईई मेनचे 50 टक्के आणि बारावीचे 50 टक्के असं सूत्र आलं. 2016ला पुन्हा सीईटी, आणि यावेळी बारावीचं वजन जवळजवळ शून्य. सध्या खुल्या प्रवर्गाला पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के मिळाले की झालं. मेडिकलची कहाणी तर याहून करुण. 2013ला नीट, म्हणजे मेडिकलची देशव्यापी प्रवेश परीक्षा, झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, पुढची दोन वर्षं सीईटी चालली, आणि 2016च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने आधीचा निकाल मागे घेतला. त्या वर्षी बारावी दिलेल्या मुलांचं काय झालं असेल? 28 एप्रिलला नीट सक्तीची झाली, 5 मेला राज्याची सीईटी झाली, आणि त्या सीईटीच्या गुणांना मेडिकलसाठी काही अर्थ आहे की नाही, हे 24 मेचा अध्यादेश निघेपर्यंत कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. दोन वर्षं अभ्यास केलेल्या मुलाला परीक्षा देऊन झाल्यावर तीन आठवड्यांनी कळतं की आपण दिली ती परीक्षा खरी होती! प्रत्येक वेळी निर्णय फिरवणाऱ्यांनी 'विद्यार्थ्यांच्या हितासाठी' हेच शब्द वापरले.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यात दम आहे, ते झटकून टाकण्यासारखं नाही. पहिला मुद्दा ओझ्याचा. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र, मग बारावीचे प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, एप्रिल-मेमध्ये सीईटी, आणि बायोलॉजीही घेतली असेल तर मध्येच नीट. प्रत्येक अर्जाची वेगळी फी, वेगळं केंद्र, वेगळं हॉल तिकीट. दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई या सगळ्यांची मुलं एकाच रांगेत उभी करायची तर मोजपट्टीही एकच हवी. तिसरा मुद्दा संधीचा. गडचिरोलीच्या मुलीला जेईईचे गुण हातात असतील तर नागपूरच्या एनआयटीपासून सुरतेच्या एनआयटीपर्यंत दारं उघडतात. सीईटीचे गुण राज्याच्या हद्दीबाहेर फारसे कुणी विचारत नाही. आणि चौथा, सगळ्यात अडचणीचा मुद्दा: ही परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी सेल स्वतःच सांगतो की भौतिक, रसायन आणि गणिताच्या प्रश्नांची काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची असेल. मग तेच विषय, तीच पातळी, तसेच पर्यायी प्रश्न, तसाच पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे, हा आकडा), आणि तरी दोन परीक्षा? या प्रश्नाला 'अस्मिता' हे उत्तर होऊ शकत नाही.

ओझ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. सीईटी बंद केल्याने कुणाचं ओझं कमी होईल? जो मुलगा आयआयटी-एनआयटीच्या मागे आहे त्याचं होईल. त्याची एक परीक्षा वाचेल. पण सीईटीला दरवर्षी सगळे ग्रुप मिळून सात लाखांच्या आसपास अर्ज येतात. त्यातल्या बहुसंख्यांना आयआयटीचं स्वप्नही पडलेलं नसतं. त्यांना सांगलीत, अमरावतीत, नाशकात किंवा पुण्यात कॉम्प्युटर नाहीतर मेकॅनिकलची एक बरी जागा हवी असते. सीईटी गेली की या मुलांना नको असलेली जेईई सक्तीची होते. 2014-15ला हेच झालं. ज्यांनी त्या वाटेने जायचं कधी ठरवलंच नव्हतं त्यांनाही त्या वाटेचा टोल भरावा लागला, आणि हा टोल परीक्षेच्या फीचा नव्हता, क्लासच्या फीचा होता. एक परीक्षा म्हणजे एक ओझं, हे गणित कागदावर बरोबर येतं. पण ते ओझं कुणाच्या डोक्यावरून उतरतं आणि कुणाच्या डोक्यावर चढतं, हे त्या गणितात दिसत नाही.

मोजपट्टीचा मुद्दा जास्त खोल आहे. जेईई मेनचं मुख्य काम आहे बारा-चौदा लाखांतून वरचे अडीच लाख जेईई अॅडव्हान्सडसाठी वेगळे काढणं आणि एनआयटीसारख्या संस्थांसाठी क्रम लावणं. त्यापुढे आयआयटीच्या जागा सुमारे 18 हजार. ही परीक्षा वरच्या टोकाला बारीक फरक दिसावेत म्हणून बांधलेली आहे, आणि ते काम ती बऱ्यापैकी करते. पण तिला बसणाऱ्या बहुसंख्य मुलांना 300पैकी शंभरही गुण पडत नाहीत. त्या गर्दीत 42 आणि 47 गुण मिळवणाऱ्या दोन मुलांमध्ये फरक कशाचा असतो? बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे अंदाजाने ठोकलेलं एकच उत्तर लागलं की चुकलं, एवढाच तो पाच गुणांचा फरक. तेवढ्याने गुणवत्ता यादीतली जागा हजारोंनी खाली-वर होते. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगच्या पावणेदोन-दोन लाख जागांपैकी बहुतेक जागा याच मधल्या पट्ट्यातल्या मुलांनी भरायच्या असतात. वरच्या दहा टक्क्यांसाठी शिवलेल्या कापडाने उरलेल्या नव्वदांचं माप घ्यायचं, आणि वर त्याला 'समान मोजपट्टी' म्हणायचं!

पण आपली सीईटी यापेक्षा चांगलं मोजते का? इथे सीईटीवाल्यांनीही जरा गप्प बसून हिशोब करावा. गणिताच्या पेपरला 50 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 108 सेकंद. भौतिक-रसायनच्या पेपरला 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. जेईईत 75 प्रश्नांना तीन तास, म्हणजे प्रश्नाला 144 सेकंद. 'सीईटी सोपी असते' म्हणणाऱ्यांनी घड्याळ लावून एकदा तो पेपर सोडवून पाहावा. शिवाय वजा गुण नसल्यामुळे एकही प्रश्न न वाचता पर्यायांवर क्लिक करत सुटणाऱ्यालाही सरासरीने 200पैकी 50 गुण मिळून जातात. म्हणजे जेईईत नशिबाला एक दार, तर सीईटीत दुसरं.

एक उदाहरण घेऊ. बारावीच्या भौतिकशास्त्रात पृष्ठताण हा भाग आहे, आणि त्यात केशिका नळीत पाणी किती वर चढतं याचं सूत्र येतं. बोर्डाच्या पेपरात ते सूत्र सिद्ध करायला सांगतात. मुलाला आकृती काढावी लागते, बलं दाखवावी लागतात, कोणता घटक कुणाला तोलतो हे शब्दांत लिहावं लागतं. सीईटीत साधारण असं येतं: नळीची त्रिज्या निम्मी केली तर पाणी किती पट चढेल? उंची त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते एवढं पाठ असलं की उत्तर दुप्पट, आणि पंचवीस सेकंदांत पुढचा प्रश्न. जेईई तीच नळी वर वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये ठेवेल, म्हणजे गुरुत्वाच्या जागी गुरुत्व अधिक लिफ्टचा त्वरण, मग पाणी कमी चढेल हे ओळखावं लागतं. तिन्ही प्रश्नांना आपापली किंमत आहे. पण इंजिनीअर होऊ घातलेल्या मुलाला एखादी गोष्ट पायरीपायरीने मांडता येते का, हे तिन्हींपैकी फक्त पहिला प्रश्न तपासतो. आणि नेमक्या त्याच प्रश्नाला आपण प्रवेशाच्या हिशोबातून हद्दपार केलं आहे. भौतिकशास्त्राचे 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात. ज्या मुलाने स्क्रू गेज कधी हातात धरला नाही त्यालाही ते मिळतात, हे राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. का मिळतात? कारण त्या गुणांनी पुढे कुणाचंच काही बिघडत नाही.

'एकच परीक्षा म्हणजे न्याय' या समजुतीला आपल्याकडे एक चांगला जुना दाखला आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा 1855ला सुरू झाली. कागदावर ती सगळ्यांना खुली आणि सगळ्यांना सारखी. फक्त ती लंडनला होत असे. सुरुवातीच्या नियमांत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750 गुण होते, संस्कृतला 375. 1869ला सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता यांच्यासोबत आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर उत्तीर्ण झाले, तर वयाच्या हिशोबावरून सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावं वगळली गेली आणि न्यायालयात झगडून ती परत मिळवावी लागली. पुढे कमाल वय 21वरून 19वर आणलं. नियमात कुठेही 'हिंदी लोकांना बंदी' असं लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. परीक्षेचं ठिकाण, विषयांचं वजन आणि वयाची अट एवढ्यानेच काम भागत होतं. आज जेईईचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे आणि तिची खरी तयारी कोटा, हैदराबाद, लातूर, नांदेड, पुणे इथल्या क्लासांत होते. परीक्षा सारखी, पण तिच्यापर्यंतचा प्रवासखर्च सारखा नाही.

हा दाखला मला हवा तिथेच थांबवणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल. 1885ला मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा दादाभाई नौरोजींनी मागणी केली ती काय होती? हिंदी तरुणांसाठी वेगळी परीक्षा त्यांनी मागितलीच नाही. तीच परीक्षा एकाच वेळी इंग्लंडात आणि हिंदुस्थानात घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हाइसरॉय लिटनने 1879ला नेमणुकीने भरायची वेगळी 'स्टॅट्युटरी' सेवा काढून दिली, तर सुशिक्षितांना ती दुय्यम वाटली आणि काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. जेईईवाले म्हणतील, बघा, तुमचेच पूर्वज एका परीक्षेच्या बाजूचे होते. बरोबर आहे. पद एक होतं, म्हणून परीक्षा एक मागितली. आयआयटीसाठी देशभर एकच परीक्षा असावी याबद्दल माझंही दुमत नाही. पण राज्याच्या पैशाने किंवा राज्याच्या मान्यतेने चालणाऱ्या, राज्याचीच मुलं घेणाऱ्या कॉलेजांसाठी आयआयटीची चाळणी का लावायची? आणि लिटनच्या सेवेचा धडा सीईटीवाल्यांसाठीही आहे: वेगळी वाट काढाल तर ती दुय्यम दर्जाची काढू नका, नाहीतर ज्यांच्यासाठी काढली तेच तिला नाक मुरडतील.

विश्वासार्हतेबद्दल दोन शब्द. 21 चुकीचे प्रश्न ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि राज्याने त्याचं स्पष्टीकरण दिल्याने ती कमी लाजिरवाणी होत नाही. पण 'केंद्राकडे द्या, म्हणजे सगळं ठीक होईल' म्हणणाऱ्यांनी 2024ची नीट आठवावी. पाटणा आणि हजारीबागची पेपरफुटी, 1563 जणांना दिलेले आणि मग काढून घेतलेले वाढीव गुण, आधी जाहीर झालेले 67 प्रथम क्रमांक, आणि सर्वोच्च न्यायालयात जुलैपर्यंत चाललेली सुनावणी. सीईटीतली चूक एका सत्रापुरती राहिली आणि काही दिवसांत फेरपरीक्षा उरकली. नीटमध्ये दोन शहरांतल्या फुटीने देशभरच्या वीस लाखांहून अधिक मुलांचा उन्हाळा टांगणीला लागला. सगळ्या जागा एका परीक्षेला बांधल्या की तिचा पेपर फोडण्याची किंमतही तेवढीच वाढते.

मग सीईटीने काय वेगळं करावं? माझ्या मते बारावीच्या गुणांना पुन्हा खरं वजन द्यावं, निदान 40 ते 50 टक्के, आणि वेगवेगळ्या मंडळांचे गुण पर्सेंटाइलने जुळवावेत. हे काही आकाशातून पडलेलं नाही. शेजारच्या कर्नाटकात इंजिनीअरिंगची गुणवत्ता यादी पीयूसीचे (तिथल्या बारावीचे) निम्मे आणि केसीईटीचे (तिथल्या सीईटीचे) निम्मे गुण धरून लागते. तमिळनाडूने तर 2007पासून इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षाच काढून टाकली आणि बारावीच्या गुणांवर जागा भरल्या. अण्णा विद्यापीठाला त्याने काही धाड भरली नाही.

यावरचे आक्षेप ठाऊक आहेत, आणि ते खोटे नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत कॉपी चालते. 'कॉपीमुक्त अभियान' दरवर्षी नव्याने राबवावं लागतं, यातच काय ते आलं. तमिळनाडूतही नामक्कलकडच्या निवासी शाळा अकरावी गुंडाळून दोन वर्षं बारावीच घोटत असत, म्हणून सरकारला 2018पासून अकरावीची सार्वजनिक परीक्षा सुरू करावी लागली. जेईई मेनच्या यादीतही 2013 ते 2016 बोर्डाला 40 टक्के वजन होतं, आणि 2017ला ते काढलं गेलं. पण कॉपी होते म्हणून बोर्ड काढून टाकायचं, आणि बोर्ड काढलं म्हणून वर्ग ओस पडू द्यायचे, हा कुठला इलाज? पन्नास टक्क्यांचं वजन असेल तर कॉपी रोखण्यात पालकांचा, मुलांचा आणि शेजारच्या कॉलेजचाही स्वार्थ असेल. आज त्यात कुणाचाच नाही. पर्यवेक्षक डोळेझाक करतो, कारण त्याने डोळे उघडे ठेवले तरी कुणाचं काही वाचत नाही.

ओस पडलेल्या वर्गांची गोष्ट मी वाढवून सांगत नाही. 'इंटिग्रेटेड' नावाची एक व्यवस्था राज्यभर बोकाळली आहे. मुलाचं नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या हजेरीपटावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि प्रॅक्टिकलची वही शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी वहीवरून उतरवलेली. 2018ला सरकारने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. यंत्रं आली, कुठे कुठे चाललीही; पण मुलाला वर्गात यायचं कारण काही त्या यंत्रातून बाहेर आलं नाही. ज्या वर्गातल्या अभ्यासाचा प्रवेशाशी संबंध नाही त्यात मुलाने का बसावं? आणि ज्याच्या बापाला क्लासची लाखाची फी झेपत नाही, त्याच्याकडे त्या रिकाम्या वर्गाशिवाय दुसरं काय आहे? राज्याची परीक्षा राज्याच्या वर्गाशी जोडलेली असेल तरच ती या मुलाच्या उपयोगाची. तसं नसेल तर 'आमच्या मुलांसाठी सीईटी' हे वाक्य फक्त भाषणातलं. याच सीईटीत गणिताचा पेपर कित्येक वर्षं फक्त इंग्रजीतून येत होता, आणि 'दिल्लीची' म्हणवली जाणारी जेईई 2021पासून मराठीतूनही देता येते, हेही सीईटीवाल्यांनी जरा लक्षात ठेवावं.

आता 2026पासून सीईटी दोनदा घेण्याचं राज्याने जाहीर केलं आहे, जेईईसारखंच. एक दिवस बिघडला म्हणून वर्ष जाऊ नये हा हेतू चांगला आहे, आणि तेवढ्यापुरतं मी स्वागतही करतो. पण या घोषणेतही जेईईकडे बघूनच पाऊल टाकलेलं आहे. दोन संधी म्हणजे दोन सत्रं, दोन्हींतले गुण जुळवण्याचा नवा हिशोब, आणि एप्रिल ते मे क्लासवाल्यांसाठी 'दुसऱ्या संधीची' नवी बॅच. त्याच पैशात आणि त्याच दिवसांत 100 प्रश्नांचे 60 प्रश्न करता आले असते, त्यांतले दहा पायऱ्या लिहून सोडवायचे ठेवता आले असते. तपासणीला वेळ लागेल, हो. बोर्ड दरवर्षी लाखो उत्तरपत्रिका हाताने तपासून घेतंच की.

राहता राहिला पालकांचा प्रश्न, जो या सगळ्या वादात रोजच्या रोज विचारला जातो: आमच्या मुलाने जेईई द्यावी की सीईटी? ज्याला आयआयटी, एनआयटी किंवा राज्याबाहेरची सरकारी संस्था खरोखर हवी आहे, त्याने जेईई द्यावी, मनापासून द्यावी. खासगी कॉलेजांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठीही तिचे गुण चालतात. पण पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याचं व्हीजेटीआय हेच ज्याचं ध्येय आहे, त्याला तिथल्या राज्याच्या जागा सीईटीवर मिळतात. त्याच्या अकरावीच्या उन्हाळ्यात 'जेईई फाउंडेशन'च्या नावाखाली दोन वर्षांचा चेक फाडण्याआधी त्याच्या आईबापांनी क्लासवाल्याला एवढंच विचारावं, की अकरावीच्या अभ्यासक्रमाला सीईटीत 20 टक्के आणि बारावीला 80 टक्के वजन आहे, हे तुमच्या वेळापत्रकात कुठे दिसतं ते दाखवा.